हुमनाबाद मुक्कामी विमलबाईंनी लेबनानी पंगत मांडली त्याची हकीकत

प्रथम अन्नास नमन, मग चुलीस, मग चुलीपुढे डोळे चोळीत बसणारीस. पुढे हकीकत ऐसी जे, हुमनाबाद कसब्यास, पुणे-हैदराबाद हमरस्त्याचे कडेस, जेथे लॉऱ्यांचा धुरळा आणि ढाब्यांचा धूर अष्टौप्रहर एक होऊन असतो, ते जागी मौजे मादन हिप्परग्याच्या विमलबाई यांनी लेबनान देशीच्या अन्नाची पंगत मांडिली आणि मोठ्या संकटातून फत्ते केली. या मसलतीचे वर्तमान ज्याने त्याने तिखटमीठ लावून सांगितले. तिखटमीठ वांग्यात असावे, बखरीत नसावे. सबब जैसे घडले तैसे लिहिले असे.

विमलबाई म्हणजे तात्याराव मास्तरांचे कुटुंब. घर बौद्धांचे, शेत बेताचे, अब्रू मोठी. त्यांस एकुलता पुत्र सुगत, तो रोजगारास्तव कुवेत प्रांती गेला आणि तेथे एका लेबनानी खानावळीचे मुदपाकखान्यात कांदे सोलण्यापासून आरंभ करून खास आचारीपदास चढला. कैक वर्षांनी रजेवर स्वदेशी आला, आणि आला तो मनसुबा घेऊनच आला, की परमुलखाची चाकरी आता पुरे, हमरस्त्यावर ईरण्णा अप्पांचे शाकाहारी हॉटेल आहे, त्यांची संध्याकाळची चूल भागीने घ्यावी आणि इकडील लोकांस तिकडील अन्न खाऊ घालावे. ईरण्णा अप्पा हाडाचे धंदेवाले. त्यांनी फर्माविले जे, आपल्या मुलखाची जीभ ज्वारीच्या भाकरीवर आणि शेंगाचटणीवर पोसलेली, ती या अरबी प्रकारांस वश होईल हे आम्हांस खरे वाटत नाही. तरी येत्या आदितवारी तुमचीच माणसे बोलवा, ताटे पुसून गेली तर पुढील महिन्यापासून चूल तुमची, भरली ताटे माघारी आली तर विषय संपला. आणि तिकडून कुवेतच्या मालकाचेही निरोपावर निरोप, की सोमवारी होय-नाही कळवावे, नाहीतर जागा दुसऱ्यास जाईल.

ऐसा दुतर्फा पेच पडला. लेक गेला म्हणजे पुन्हा कैक वर्षे मोबाइलात त्याचे तोंड पाहावयाचे, जेवलास काय म्हणून पुसावयाचे, आणि तो व्हय म्हणतो ते खरे धरून फोन ठेवावयाचा. हे बाईंस आता सोसवेना. तात्यारावांचे मत निराळे होते. ते निवृत्त मास्तर, वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचणारे, त्यांचे म्हणणे की पोर तिकडेच बरे आहे, इकडे ते गिळगिळीत कोण खातो. परंतु बाईंनी त्यांजकडे एकवार पाहिले आणि मास्तरांनी मत मागे घेतले. संसारात मुरलेले गृहस्थ, तह कधी करावा हे त्यांस पक्के ठाऊक.

मग बाईंनी आमंत्रणाची तजवीज केली. आपले भाऊबंद तर बोलाविलेच, परंतु शेताच्या बांधाला बांध लागून असलेले अंकुशराव, तुरीचे व्यापारी, त्यांचे घरही बोलाविले, आणि त्यांच्या मातोश्री सोजराबाई यांस जातीने जाऊन सांगितले. यात मुत्सद्देगिरी होती. सोजराबाई म्हणजे हिप्परग्याच्या जिभेच्या खाविंद. त्यांनी बरे म्हटले तर गाव बरे म्हणे, त्यांनी नाक मुरडले तर तो पदार्थ गावातून उठला म्हणून समजावे. उभय घरांचा घरोबा जुना. येळवशीला म्हणजे वेळ अमावस्येला एकमेकांच्या शेतावर बोलावणे होई, आंबील आणि भज्जी खाणे होई. मात्र पूर्वी जेवावयास बसत ते अंतर राखून, आणि अंतर कोणी राखविले हे उभयतांस ठाऊक होते. पुढे काळ पालटला, पोरे एका बाकावर बसली, एका मोटारीत हिंडली, चहाची कपबशीही एक झाली. तरी एका ताटात हात घालण्याचा प्रसंग कोणी कोणावर आणिला नव्हता, आणि तो न आणण्यात शहाणपण आहे ऐसे दोन्ही घरी मानीत असत.

असो. आदितवारी दिवस कलता दोन क्रूझर गाड्या भरून फौज निघाली. तात्याराव बिनीवर, म्हणजे ड्रायव्हरशेजारी, आणि वाटेने लेबनान देशाचा भूगोल सांगत चालिले. तो ऐकता ऐकता अंकुशरावांचे धाकटे नातू गाडी लागून ओकले. हा अपशकुन म्हणावा तर मास्तरांचा भूगोल गावात पूर्वीही कोणाचे पोटात राहिला नव्हता, यास्तव कोणी मनावर घेतले नाही. तिन्हीसांजेस फौज हुमनाबादेस पावली.

ईरण्णा अप्पांनी आतल्या दालनात मेजास मेज जोडून रणभूमी सिद्ध केली होती. सुगत पांढरा डगला आणि उंच टोपी घालून मुदपाकखान्याचे झरोक्यात उभा, आणि त्या टोपीखाली त्याचे तोंड परीक्षेच्या पोरासारखे झालेले. मग वाढप्यांनी थोर थोर ताटे आणून मेजाच्या मधोमध ठेविली. हुम्मुस म्हणून काबुली हरभरा तिळाच्या कुटात घोटलेला, वरी तेलाची धार, वांगे भाजून कालविलेले, दह्याचा चक्का, फलाफल म्हणून वडे, बारीक चिरलेल्या कोथिंबिरीत टमाटे आणि लिंबू, आणि टम्म फुगलेल्या रोट्यांच्या चवडी. मंडळींनी मान पुढे करून पाहिले आणि तमाम ओळख पटली. हे भरीत, ही हरभऱ्याची चटणी, हा चक्का. कोथिंबिरीविषयी मात्र कुजबूज झाली, की निवडून चिरून ठेविली आहे, फोडणीस टाकावयाचे गडबडीत राहिले असावे.

ओळख पटली आणि तेथेच घात जाहला. कारण की हे अवघे तोंडीलावणे. तोंडीलावणे आले म्हणजे जेवण मागून येते, आणि जेवण वाढून झाल्यावाचून, वडीलधाऱ्याने घास उचलल्यावाचून, यजमानाने बसा, घ्या, लाजू नका म्हणून आग्रह केल्यावाचून हात लावणे हे हावरटाचे लक्षण. ऐशी रीत या मुलखात लहान लेकरासही ठाऊक. आणि सुगताने वाढप्यांस सक्त ताकीद दिली होती की कोणी काही वाढावयाचे नाही. त्या देशीचा दस्तूर ऐसा जे ताट मध्ये एक, भोवती मंडळी, रोटी तोडावी आणि ज्याने त्याने बुडवून खावी. पोर परमुलखी इतके राहिले की घरची पंगत विसरले. कोणी वाढीना, कोणी घेईना, दोन्ही दळे समोरासमोर मोर्चे धरून बसली आणि एकही हत्यार हालेना.

आणखीही एक गोष्ट होती, ती कोणी बोलले नाही. विमलबाईंची माणसे मनी म्हणत, ताट एक आहे, आधी आपला हात गेला आणि मग त्यांचा आलाच न्हाई तर काय करावे. अंकुशराव मनी म्हणत, आधी घ्यावे तर हावरट दिसावे, न घ्यावे तर यांना भलतेच वाटावे. ऐशा विचारात सर्वांनी पाणी पिण्याचा सपाटा लाविला. पाण्याचे जग रिते जाहले, पुन्हा भरिले, पुन्हा रिते जाहले, आणि हुम्मुसास वरून साय धरू लागली. मास्तर कुमकेस उठले आणि त्या देशीचे हवापाणी सांगू लागले, त्याने होती नव्हती ती भूकही पळाली.

झरोक्यात सुगताने भरली ताटे पाहिली आणि डोकीवरील टोपी उतरून हाती घेतली. बाईंनी ते पाहिले. ते लिहिताना लेखणीही अडते. इतक्यात ईरण्णा अप्पा गल्ल्यावरून उठले, आणि माणूस वाईट नव्हे, पाहुणे उपाशी जाऊ नयेत या कळकळीनेच त्यांनी वाढप्यांस हुकूम सोडिला, की हे उचला आणि आपली साधी थाळी लावा. वाढपी पुढे सरले. म्हणजे गड गेला म्हणावयाचा, एवढेच बाकी होते.

तेव्हा विमलबाईंनी जे केले ते त्यांच्या सात पिढ्यांत कोणी यजमानणीने केले नसेल. पाहुणे उठल्यावाचून यजमानणीने टेकू नये, ही रीत. त्या खुर्ची ओढून सोजराबाईंचे बाजूस बसल्या. पाहुण्याआधी घास घेऊ नये, ही रीत. त्यांनी रोटी तोडिली, हुम्मुसाच्या ऐन मध्यात बुडविली, आणि भरल्या पंगतीच्या देखत खाल्ली. वाढपी जागीच थबकले, आणि अंकुशरावांच्या सूनबाईंच्या हातचा पाण्याचा पेला ओठाशीच राहिला. मग बाई बोलल्या.

"मावशी, हितं कुणी वाढणार न्हाई. ह्या जेवणाला ताट येकच आसतंय. त्यात माझा हात लागलाय. आता तुमी बगा."

सोजराबाईंनी ताटाकडे पाहिले, मग विमलबाईंकडे पाहिले, आणि बराच वेळ पाहिले. मास्तर भूगोल विसरले. मग म्हातारीने पदर सावरला, रोटी घेतली, तोडवेना म्हणून विमलबाईंपुढे धरिली, बाईंनी ती तोडून दिली, आणि म्हातारीचा हात पुढे गेला तो ताटाची कड सोडून, स्वच्छ राखलेली जागा सोडून, जेथे विमलबाईंच्या घासाने चर पडला होता नेमका तेथेच गेला.

दात थोडे, त्यामुळे चावणे लांबले. तमाम हिप्परगा त्या जबड्याकडे डोळे लावून बसला. शेवटी निवाडा आला. "लसूण कमी हाय. बाकी हरभरा आपलाच हाय." आणि मग पुत्राकडे वळून, "अंकुश, कामून हात बांधून बसलास? वाळायलंय ते."

यानंतर जो रणसंग्राम माजला त्याचे वर्णन करावयास बखरकार बापडा कोठवर पुरणार! रोट्यांच्या चवडी कोसळल्या, वांग्याचे ताट दोन्ही अंगांनी घेरून साफ केले, चक्क्यास पळावयास वाट राहिली नाही. वड्यांवर अंकुशराव आणि मास्तर यांची गाठ पडली, आणि शेवटचा वडा उभयतांनी निम्मा निम्मा करून तह केला. कोथिंबिरीस फोडणी नाही याचा विसर पडला. रोटी संपली तेव्हा अंकुशरावांच्या सूनबाईंनी पिशवीतून कडक भाकऱ्या काढिल्या, वेळप्रसंगी असाव्यात म्हणून आणिल्या होत्या, आणि हुम्मुसाशी कडक भाकरी ऐशी जुळली की लेबनान देशीच्या लोकांनी येऊन शिकून जावे. सुगताने टोपी पुन्हा घातली, आणि मुदपाकखान्यातून आणखी ताट, आणखी ताट, ऐसा त्याचा आवाज येऊ लागला.

ईरण्णा अप्पांनी पुसलेली ताटे स्वतः उचलून उजेडात धरून पाहिली आणि तेथेच जाहीर केले की पुढील महिन्यापासून संध्याकाळची चूल सुगताची. सुगताने त्याच पावली कुवेतास फोन लाविला आणि येत नाही म्हणून कळविले. विमलबाई हात धुण्याच्या मोरीपाशी उभ्या राहून पोटभर रडल्या. मास्तर जवळ गेले आणि म्हणाले की पोर राहावे हे आपले पहिल्यापासूनच मत होते. बाईंनी त्यांस क्षमा केली.

गाडीत चढताना सोजराबाईंनी सुगतास जवळ बोलाविले आणि आज्ञा केली जे, लसूण वाढीव, आणि पुढच्या येळवशीला हे समदं आमच्या शेतात कर. वाढपी नकोत. ताट येकच ठेव.

येणेप्रमाणे फत्ते जाहली ती नोंदिली असे. आपले बाजूस जखमी कोणी नाही, फक्त अंकुशरावांचे धाकटे नातू परतीचे वाटेने पुन्हा ओकले. शत्रू कोण होता हे पुष्कळ शोधिता सापडले नाही. मुलूख काबीज केला तो मेजाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, रुंदी हातभर. परंतु तो सर करावयास दोन घरांस तीन पिढ्या लागल्या होत्या, म्हणून लहान मानू नये.