आठातले सात बंद

मोखाड्याच्या एका सरकारी कार्यालयात आठ कोअरचा, म्हणजे एका प्रोसेसरमध्ये आठ मेंदू असलेला, नवा संगणक आला, तेव्हा त्याला हार घालून नारळ फोडण्यात आला. इथवर सगळं रीतसर होतं. चौथ्या दिवशी कार्यालयप्रमुख गोरखसाहेबांनी पडद्यावर प्रोसेसरचा आलेख पाहिला आणि घात झाला.

"चार टक्के?" ते कंत्राटी ऑपरेटर प्रतिक्षाला म्हणाले. "आठ जण बसलेत आणि राबतोय एकटा? सरकारी विजेवर?"

"साहेब, काम आलं की बाकीचे आपोआप उठतात."

"हे मला सांगू नका. पंचवीस वर्षं मी कार्यालयातच आहे."

तिथल्या आठ कर्मचाऱ्यांपैकी सात जणांनी गंभीरपणे माना डोलावल्या. आठवी प्रतिक्षा. तिला परिपत्रक टाइप करायचं होतं.

सात कोअर तात्काळ बंद. उरलेल्या एकाचा वेग निम्मा. तीस सेकंद कुणी हात न लावल्यास संगणकाने झोपी जावे. उठवण्याचा पासवर्ड साहेबांकडे, तोही लेखी अर्जावर. सायंकाळी पाचला यंत्र आपोआप बंद. हे शहाणपण नव्हे, हे प्रतिक्षाला कळत होतं. पण तिचं कंत्राट महिनाअखेरीस संपत होतं, म्हणून तिने ते टाइप केलं आणि ती स्वतःवरच चिडली.

सोमवारी अकराला पाड्यावरचा शेतकरी सुकऱ्या लेकीला, हर्षदाला, घेऊन आला. वसतिगृहाच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस होता. जातीचा दाखला पाचच्या आत हवा होता. एरवी चार मिनिटांत निघणारा दाखला दुपारपर्यंत निम्म्यावर आला नाही. प्रतिक्षा कागद शोधायला वळली की यंत्र झोपे. मग अर्ज. साहेब जेवायला गेलेले. तीन अर्ज झाले.

"बाय, ह्याला झोपू नाय द्यायचा ना?" सुकऱ्या म्हणाला. "डुकरां येतात तं माळ्यावर बसून भात राखतों आमी. ह्याला का नाय राखणार?"

तो माऊस धरून बसला. पापणी न लववता हलवत राहिला. पाचला दोन मिनिटं कमी असताना पडद्यावर शहाण्णव टक्के दिसले आणि यंत्र बंद होत असल्याची सूचना आली. प्रतिक्षाचं बोट ‘रद्द करा’कडे गेलं. साहेब मागे उभे होते.

"दोन मिनटां थांबवा ना, साहेब," सुकऱ्या म्हणाला.

"तुमच्यासाठी नियम मोडला, तर उद्या सगळेच काम करून मागतील."

बोट मागे आलं. पडदा काळा झाला. साहेब आपल्या एसी खोलीत परतले.

वीजबचतीचा पुरस्कार पंधरा दिवसांनी मिळाला. स्वागताला एखादी गोड मुलगी हवी होती. हर्षदा घरीच होती, म्हणून तिला बोलावलं. तिने साहेबांना फुलं दिली. तो फोटो साऱ्या जिल्ह्याच्या ग्रुपांवर फिरला.

पोरगी हसत का नाही, हे कुणी विचारलं नाही. खाली अभिनंदनाचे चारशे अंगठे पडले. त्यातला एक तुमचा आहे, तपासून बघा.