सरसकट जावई

"मला फॉरवर्ड नक्को," गोविंदराव निर्मळकर सारंगला ठणकावून सांगत होते. "जावयाला बोलावणं म्हणजे काय गॅस एजन्सीची सूचना आहे का, एकच मजकूर सगळ्या गावाला? प्रत्येकाला त्याच्या नावानं गेलं पाहिजे."

गोविंदराव रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झाले होते, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. हैदराबादेतल्या तारनाक्याच्या घरात ती रोज सकाळी दहाला उघडायची. सध्या अधिक महिना लागला होता आणि थोरल्या स्वातीचा नवरा आशिष, शिवाय भावाचे जावई, अशा सगळ्यांना रविवारी धोंडे-जेवण घालायचं ठरलं होतं. पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार, कपाळी टिळा, औक्षण आणि हातात चांदीचा दिवा. अधिकात जावयाचा मान राहिला नाही तर तो पुढचा अधिक येईपर्यंत ऐकवत राहतो, हे आशिषने मागच्या खेपेला सिद्ध केलं होतं.

सारंग बोधनकर हा धाकट्या वृषालीच्या कुकटपल्लीच्या ऑफिसातला. तो प्रोग्राम लिहायचा आणि वृषाली ते तपासून त्यातल्या चुका काढायची. अशा चुका काढता काढता दोघांचं लग्न करायचं ठरलं होतं. फक्त गोविंदरावांना सांगायचं राहिलं होतं. आणि ते तर रोज जेवताना जाहीर करत, "सॉफ्टवेअरवाला जावई नक्को. आज हापिस, उद्या मेल, परवा घरी." त्यामुळे बिचारा सारंग दर सुट्टीला येऊन या घरातलं जे बिघडेल ते दुरुस्त करत होता. कधीतरी आपलंही जमेल, एवढीच त्याला आशा होती.

गोविंदरावांच्या नेहमीच्या माणसांना निरोप धाडणारा एक प्रोग्राम त्याने आधीच करून दिला होता. नळवाल्याला तक्रार, डॉक्टरांना वेळेची आठवण, जुन्या साहेबांना वाढदिवसाच्या शुभेच्छा.

"काका, आता प्रत्येक प्रकाराला वेगळं काही लिहायला नको," तो उत्साहाने म्हणाला. "एकच पेटी करतो. आत माणूस टाकायचा आणि बाहेर काय हवं ते पेटीवर लिहायचं. 'तक्रारदार' लिहिलं की तक्रारदार, 'जावई' लिहिलं की जावई."

"कुणालाही टाकलं तर?"

"कुणालाही! तीच तर गंमत आहे."

"मी तपासू का?" वृषालीने विचारलं.

"आपल्याच घरचं काम आहे गं, त्यात काय तपासायचं?" सारंग बोलून गेला. स्वयंपाकघरात वृषालीच्या आईने, वासंतीबाईंनी, 'आपल्याच घरचं' ऐकून मान वर केली. गोविंदराव चष्मा पुसत होते, म्हणून निभावलं.

संगणक मात्र गोविंदरावांसारखाच निघाला. त्याने नकार दिला. यादीतला प्रत्येक माणूस जावई आहे कशावरून, असं त्याचं म्हणणं. सारंगने उत्तर टाइप केलं. त्याचा सरळ मराठीत अर्थ 'मी सांगतो म्हणून' असा होता. संगणकाने कुरकुरत एक पिवळी सूचना दाखवली. सारंगने ती सूचनाच बंद केली. खरे जावई तेवढे निवडायची एक चाळणी त्याने ठेवली होती म्हणा. पण या पेट्यांची एक खोड असते. प्रोग्राम लिहिताना वरचं लेबल झकास दिसतं, आणि तो धावायला लागला की गळून पडतं. चाळणीला लेबल दिसलंच नाही, तिने सगळ्यांना सोडलं. आणि गोविंदरावांचा मजकूर गावभर गेला: 'आपण आमचे जावई. रविवारी अकरा वाजता धोंडे-जेवणास सपत्नीक यावे. आपला मान राखला जाईल.'

उत्तरंही त्याच पेटीतून, नावाच्या जागी नुसतं 'जावई' लिहून आली. त्यामुळे गोविंदरावांना फोनवर एवढंच दिसलं की जावई येतो म्हणतात. ते खूश झाले.

रविवारी अकराला बेल वाजली. दारात नळवाला यादगिरी, पांढऱ्याशुभ्र धोतरात. शेजारी त्याची बायको, रेशमी साडी, हातात मिठाईचा डबा.

"अहो, नळ ठीक आहे आमचा," वासंतीबाई गोंधळून म्हणाल्या.

"नळ नै अम्मा, अल्लुडू! दामाद!" यादगिरीने फोन पुढे केला. मजकुराचं त्याने तेलुगूत भाषांतर करून घेतलं होतं. "मेरे ससुरे तो आज तलक नै बुलाये. आप बुलाये, तो मैं बीवी को बोला, चल!"

गोविंदराव तोंड उघडणार तोच वासंतीबाईंनी त्यांना आत ओढलं. "अधिकात जावई म्हणून दारात आलेल्याला नाही म्हणू नका. बायको काय म्हणेल त्याला?"

मग कोठी भागातून दातांचे डॉक्टर कादरी आले. "निर्मळकर साब, आपके आधे दाँत मैं निकाला. रिश्ता तो बनताइच!" पाठोपाठ गोविंदरावांचे जुने साहेब नरसिंहम काठी टेकत आले. नोकरीत हा माणूस कधी हसल्याचं कुणाला आठवत नव्हतं. आज ते "मदर-इन-लॉ किधर है?" असं विचारत थेट पाटावर बसले. आपल्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या जावयाला वासंतीबाईंनी ओवाळलं, तेव्हा साहेबांचे डोळे भरून आले.

शेवटी चुलत जावयांपाठोपाठ घरचा खरा जावई, आशिष, स्वातीला घेऊन आला. त्याने पाटांची रांग पाहिली, यादगिरीच्या कपाळावरचा टिळा पाहिला आणि हळूच विचारलं, "बाबा, तुम्हाला मुली किती?"

सारंगला फोन गेला. तो लॅपटॉप छातीशी धरून धापा टाकत पोचला.

"काका, चूक सापडली! ती चाळणी..."

"चाळणी मसणात गेली," गोविंदराव कडाडले. "पुरण संपायलंय अन् तू चाळणी सांगायलास? ठेव ते यंत्र. वाढायला घे!"

सारंगने बाह्या सरसावल्या. धोंडे, आमटी, तूप, पुन्हा तूप. यादगिरीला आग्रह, साहेबांना मऊ धोंडा, कादरी डॉक्टरांना "एकच घ्या" म्हणत दोन. आशिषच्या तोंडावरचा रुसवाही त्याने तुपात बुडवला. वृषाली त्याच्या मागून पाणी देत होती. "संपलं सगळं," तो पुटपुटला. "आता तुझे बाबा मला दारातही उभं करणार नाहीत."

तेवढ्यात पुन्हा बेल वाजली.

दारात सारंगचे वडील, प्रभाकरराव बोधनकर वकील, आणि आई इंदुताई. इंदुताईंच्या हातात साडी होती. आपला फोन लवकर लागत नाही म्हणून सारंगने कधीतरी घरचा नंबर गोविंदरावांना दिला होता.

"आपला निरोप मी तीनदा वाचला," प्रभाकरराव कोर्टात उभे असल्यासारखे म्हणाले. "माझे सासरे वारले, त्यांना मी एकटाच जावई. म्हणजे मी आपला जावई असणं शक्य नाही. नंबर दिला होता चिरंजीवांनी. आपली एकच मुलगी लग्नाची आहे, हे त्यांच्याच तोंडून घरात दिवसभर ऐकतो. तेव्हा अर्थ एकच निघतो, जावई म्हणजे चिरंजीवच. सपत्नीक हा शब्द जरा घाईचा आहे, पण आम्हाला मान्य आहे!"

यादगिरीने घास तोंडाशीच धरून ठेवला.

"सारंग," गोविंदराव सावकाश म्हणाले, "हे पण चुकूनच गेलं का?"

हो म्हटलं की आईवडिलांचा अपमान, नाही म्हटलं की घरातून हकालपट्टी. सारंगने तुपाचं भांडं घट्ट धरलं. "गेलं चुकूनच, काका. पण बाकीचे सगळे निरोप चुकीच्या माणसाला गेले. हा नाही गेला."

गोविंदराव वृषालीकडे वळले. "तू चुका काढतीस ना? याला तपासलंस?"

"दोन वर्षं तपासतेय, बाबा. चुका आहेत. पण चालतो."

"अहो," वासंतीबाई निरांजन हातात घेऊनच बाहेर आल्या, "सकाळपासून अख्ख्या हैदराबादला जावई म्हणून ओवाळलं मी. लायक होता तोच एक उपाशी उभा आहे."

"साब, लड़का अच्छा है," यादगिरीने पाटावरून शिफारस केली. "घी बहुत डालता."

गोविंदरावांनी सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं. मग ते सारंगसमोर येऊन उभे राहिले. सारंगने डोळे मिटून घेतले.

"सारंगराव," गोविंदराव म्हणाले, "ते तुपाचं भांडं खाली ठेवा. जावयानं वाढायचं नसतं."