शलमोन काका अल्टरनेटर बदलतात

हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय. रविवारपासून गप्प बसलेय आणि आज बुधवार, म्हणजे माझ्यासाठी हा विक्रमच झाला. तर ऐका.

आमच्या शेजारचे शलमोन काका घरातला बल्ब बदलायच्या आधी जमिनीवर खडूने गोल काढतात.

खरंच, खडूने! गोलात स्टूल, स्टुलावर काका. बाकी दुनियेने गोलाबाहेर थांबायचं. त्याआधी मेन स्विच बंद आणि त्यावर पाटी, 'काम चालू आहे. हात लावू नये.' खाली सही. आता घरात काका एकटे. काकू जाऊन सहा वर्षं झाली, एकुलती एक मुलगी रूथ सासरी राहात्याला. मग ती पाटी वाचणार कोण? मी एकदा विचारलंच. तर म्हणाले, "सुरेखा, माणूस सगळ्यात आधी विसरतो ते स्वतःच स्वतःला सांगितलेलं."

काकांचा सगळा जन्म शाळेच्या प्रयोगशाळेत गेला. शिक्षक म्हणून नाही, प्रयोगशाळा सांभाळायला. "माझ्या हाताखालून एवढी पोरं गेली, एकाचीही भुवई जळली नाही," हे ते नव्या माणसाला पहिल्या वाक्यात सांगतात. नाव दुसऱ्या वाक्यात.

त्यांचा एक मंत्र आहे. "दोनदा बघायचं, एकदा हात लावायचा." गॅसच्या शेगडीला हा नियम, कुत्र्याला हा नियम आणि भाजीलासुद्धा हाच. सावेडीच्या नाक्यावरची भाजीवाली तर वैतागून म्हणाली होती, "काका, वांगं हाय ते, नवरी न्हाई. घ्या न्हाईतर ठिवा!"

आमच्या पप्पांनी एकदा ओल्या हाताने इस्त्रीचा प्लग काढला. काकांनी ते कंपाउंडवरून पाहिलं. त्यानंतर आठवडाभर ते पप्पांना 'दिवंगत' म्हणत होते. "काय दिवंगत, ऑफिसला निघालात?" पप्पा चिडले, पण तेव्हापासून टॉवेलला हात पुसल्याशिवाय प्लगजवळ जात नाहीत.

तर या माणसाकडे एक गाडी आहे. पांढरी, चौथ्या हाताची. कॉलनीत तिचं नाव 'मावशी', कारण एकदा येऊन बसली की हलत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. रूथ बाळंतपणाला आली होती. माझी ती शाळेपासूनची मैत्रीण, त्यामुळे साडेतीन महिने मी त्यांच्याच ओट्यावर पडीक. रूथला मुलगी झाली. बाळंतिणीचं करायला पुणतांब्याहून काकांची थोरली बहीण आली होती, तिला आम्ही सगळेच आत्या म्हणतो. घर कसं भरलं होतं! दोरीवर दुपटी, अंगणात धुरी, आत्याची बडबड. काकांनी पाळण्याच्या दोऱ्या तर रोज तपासल्या. दोनदा बघून.

पण रूथ राहात्याच्या शाळेत शिक्षिका. रजा संपली, सोमवारी सकाळी हजर व्हायचंच. तिचे मिस्टर, प्रभाकर भाऊजी, शनिवारी न्यायला आले. म्हणजे रविवारी निघायलाच हवं. काकांनी महिनाभर आधी जाहीर केलं होतं, "एसटीच्या गर्दीत बाळाला न्यायचं नाही. मी स्वतः सोडणार."

आणि गुरुवारी मावशीने दगा दिला. इंजिन चालू, तरी चार्जिंगचा लाल दिवा विझेना. काकांनी निदान केलं, अल्टरनेटर गेला. म्हणजे बॅटरीला वीज पुरवणारं ते यंत्रच बंद. मग गाडी बॅटरीतल्या शिदोरीवर चालणार आणि वाटेत कोल्हारच्या आसपास कुठेतरी मान टाकणार.

मेकॅनिककडे दीड तासाचं काम. पण काका म्हणाले, "तो तोंडात बिडी धरून बॅटरीवर वाकतो. त्या गाडीत माझी नात बसणार आहे. मी घरीच बदलणार, सुरक्षितपणे." गावातून दुरुस्त केलेला अल्टरनेटर घेऊन आले, तेही बाळाच्या दुपट्यात गुंडाळून. आत्या कडाडली, "आरं, लेकराचं दुपटं तेलकट केलंस की! ह्याला आता आंघोळ बी घालू का?"

रविवारी सकाळी चर्चहून आल्या आल्या काकांनी जुना पांढरा कोट चढवला आणि अख्ख्या गाडीभोवती खडूची रेषा ओढली. मग फुलस्केपवर लिहिलेली यादी मला दिली. तेवीस पायऱ्या! मी कंपाउंडच्या अलीकडून एकेक वाचायची, ते करणार आणि "झालं" म्हणणार. "झालं" म्हटल्याशिवाय पुढची वाचायची नाही.

प्रभाकर भाऊजी बाह्या सरसावून पुढे आले. "मामा, मी मदत करतो."

"अंगावर धातू नको," काका म्हणाले. "घड्याळ काढा."

काढलं.

"अंगठी. पट्टा. खिशातल्या किल्ल्या."

काढल्या.

"पँटला हुक आहे का?"

"आहे."

"मग राहू द्या."

भाऊजी पँट सावरत ओट्यावर जाऊन बसले. गणिताचे शिक्षक ते, वाद घालत नाहीत.

"एक नंबर!" मी ओरडले. "हँडब्रेक ओढणे."

"झालं."

"दोन. चारही चाकांना विटा लावणे."

"झालं."

"तीन. इंजिन गार असल्याची खात्री करणे."

गाडी तीन दिवस जागची हलली नव्हती. तरी काकांनी इंजिनाजवळ हात धरून पाच मिनिटं वाट पाहिली. मग "झालं."

"चार. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून पिवळ्या फडक्यात गुंडाळणे."

आत्या ओट्यावरून वाकून बघत होती. "फडक्यात कशाला रं? थंडी वाजतीया का तिला?"

"आक्का, ही तार चुकून परत टेकली आणि तेव्हा माझा पाना आत असला, तर ठिणग्या उडतात, माणूस भाजतो. म्हणून सगळ्यात आधी ही काढायची आणि सगळ्यात शेवटी लावायची. यात जो चुकला तो माझ्या प्रयोगशाळेत परत आला नाही."

"मेला?"

"नाही गं. मी येऊ दिला नाही."

असं चाललं होतं. प्रत्येक वायरीला चिठ्ठी, प्रत्येक बोल्टला वेगळी वाटी. काकांच्या स्वयंपाकघरात एक वाटी शिल्लक नव्हती, आम्ही वरण ताटात ओतून जेवलो. साडेबाराला जुना अल्टरनेटर निघाला. भाऊजींनी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून राहात्याला फोन केला, "निघतोच आहोत." दीडला परत केला, "निघतोच आहोत." तिसऱ्या वेळी बूथवाल्यानेच विचारलं, "निघतोच आहोत ना?"

"मामा, मी जीप सांगू का?" भाऊजी चाचरत म्हणाले.

"तासाभरात होतं, प्रभाकरराव."

आत्याने तोंड सोडलं. "शलमोन, पोरीला उद्या शाळंत जायाचं हाय! तू काय त्या इंजनात संसार मांडलायस व्हय?"

 काका अंगठ्याने अल्टरनेटरचा पट्टा दाबून पट्टीने मोजत होते. अर्धा इंचच दबला पाहिजे, म्हणे. दोनदा मोजला. मग तिसऱ्यांदा.

सामानाच्या पिशव्या ओट्यावर येऊन पडल्या होत्या. पाळणा सोडून झाला होता.

"बावीस," माझा घसा बसला होता. "एक पाना सोडून बाकीची हत्यारं मोजून पेटीत ठेवणे."

"झालं."

"तेवीस, शेवटचं! निगेटिव्ह तार परत लावणे."

काका बॉनेटखाली वाकले. जरा वेळ गेला. मग आवाज आला, "झालं."

मी टाळ्या वाजवल्या. काका स्टिअरिंगवर बसले, किल्ली फिरवली. काहीच नाही. घरघर नाही, खट्ट नाही, लाल दिवासुद्धा नाही. हॉर्न दाबला, हॉर्न मुका.

झालं, प्रत्येकाचं डोकं सुरू! पप्पा आले आणि म्हणाले कार्बुरेटर. पप्पांना गाडीतला तेवढा एकच पार्ट माहीत आहे. भाऊजी म्हणाले, मी मेकॅनिक बघून येतो, मग त्यांच्या लक्षात आलं की आज रविवार. पप्पा म्हणाले, "ढकलून बघू."

"ढकलायचं नाही. नुकताच बसवलेला पार्ट आहे," काका म्हणाले. "गाडीला थोडा वेळ द्या." आणि चक्क हात धुऊन, बाळाला तेल लागू नये म्हणून कोट उलटा घालून, ओट्यावर बाळाला मांडीवर घेऊन बसले.

इथे मला खटकलं. वांग्याला दोनदा बघणारा माणूस, बंद पडलेल्या गाडीकडे एकदाही बघत नाही?

मी हातातल्या बांगड्या आणि कानातलं काढलं, केसांतली पिनही काढली आणि पहिल्यांदाच ती खडूची रेषा ओलांडली. बॉनेटखाली डोकावले.

पिवळं फडकं जसंच्या तसं होतं. आत ती तार, छान गुंडाळलेली. गाठसुद्धा सुटली नव्हती.

माझं तोंड उघडलंच होतं ओरडायला. आणि मी ओट्याकडे पाहिलं. काका माझ्याकडेच बघत होते. बाळ त्यांच्या कोटाची बाही चोखत झोपलं होतं. ते हळूच उठले, तिला तसंच घेऊन रेषेपर्यंत आले.

"काका, तुम्ही तेवीसला 'झालं' म्हणालात," मी कुजबुजले.

"म्हणालो."

"मग?"

"अर्धा तास, सुरेखा. आत्ताच झोपलीय. ही उठली की लावतो."

त्या माणसाच्या तोंडून मी आजवर एक खोटं ऐकलं नव्हतं. 

तिकडून भाऊजींनी विचारलं, "सुरेखाताई, काही दिसलं का?"

"नाही बुवा," मी म्हणाले. "मला कुठे त्यातलं कळतंय?"

मग तो अर्धा तास. काहीही घडलं नाही त्यात, खरं सांगते. काका बाळ घेऊन बसले होते. रूथला दिवसात पहिल्यांदाच भरायला काही उरलं नव्हतं, म्हणून ती येऊन वडिलांशेजारी पायरीवर बसली. म्हणाली, "बाबा, कानाला ऑइल लागलंय तुमच्या," आणि पदराने पुसलं. काका म्हणाले, "असू दे." भाऊजी परत जीपचं बोलले, तर सकाळपासून काकांवर खेकसणारी आत्या एकदा गाडीकडे, एकदा भावाकडे बघून म्हणाली, "व्हईल, व्हईल. घाई न्हाई. च्या टाकते."

चारच्या सुमाराला बाळ उठलं आणि टाहो फोडला. काकांनी तिला रूथकडे दिलं, कोट सरळ केला, अंगठी काढून ओट्यावर ठेवली आणि बॉनेटखाली वाकले. मिनिटभरात बॉनेट बंद. किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात इंजिन चालू, लाल दिवा विझला. पप्पांनी विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं, जणू कार्बुरेटरच होता.

"मामा, काय झालं होतं हो?"

"एक जोडणी राहिली होती," काका म्हणाले. पिशव्या डिकीत गेल्या. आत्या पुढे बसली, ती तिकडूनच पुणतांब्याला जाणार होती. काकांनी चाकांच्या विटा काढल्या, मोजल्या आणि स्टिअरिंगवर जाऊन बसले.

रूथ मागच्या दारापाशी थांबली. मला मिठी मारायच्या निमित्ताने कानाशी आली.

"पिवळं फडकं ना?" ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"स्वयंपाकघराच्या खिडकीतून बॅटरी सरळ दिसते गं. मी तेव्हा दूध तापवत होते. बाबा नुसते वाकले आणि उभे राहिले."

"मग बोलली का नाहीस? उशीर होत होता ना!"

"होत होता," ती म्हणाली, डोळे पुसले आणि गाडीत बसली.

आता तुम्ही सांगा. मला खरंच ऐकायचंय. तुमच्या घरी झालंय का कधी असं? कुणीतरी काहीतरी साधी गोष्ट मुद्दाम अडवून बसलंय, सगळ्यांना कळलंय आणि एकही जण बोलत नाहीये?