धक्का स्टार्ट

पांढरकवड्याच्या माती तपासणी केंद्रात उर्वशी आणि उत्तमसिंग यांचं बोलणं पंख्याच्या दिशेवरून बंद झालं होतं. सकाळी फक्त एकच काम दोघं एकदिलानं करत. ड्रायव्हर देवीलाल "धक्काऽ!" असा पुकारा करी आणि सगळे धावत बाहेर येऊन केंद्राची जीप चहाच्या टपरीपर्यंत ढकलत नेत. तेवढ्या वाटेत कोणाला कुठे जायचं, कोणी काय घ्यायचं, सगळं ठरून जाई. ढकलताना भांडायला दम कुठून आणणार?

केंद्रप्रमुख शीलाला मात्र या जीपची लाज वाटे. त्यातच मुख्यालयातले साहेब संघभावना पाहायला येणार होते. मनासारखं दिसलं नाही तर केंद्र बंद, आणि सगळ्यांची रवानगी यवतमाळला. शीलाचं घर, लेकीची शाळा सारं इथंच. साहेबांसमोर शोभा नको, म्हणून तिनं आदल्या संध्याकाळी पदरमोड करून जीपला नवी बॅटरी बसवली.

सकाळी चावी फिरवताच जीप सुरू झाली. पुकारा नाही, म्हणून कोणी बाहेर आलं नाही. मागे कोण बसलंय हे न बघताच देवीलाल एकटा निघून गेला आणि पाठोपाठ साहेब हजर झाले. तपासणीची पेटी उत्तमसिंगच्या टेबलाखालीच होती. आज जायचं गाव आयत्या वेळी बदललं होतं; उर्वशीनं ते देवीलालला सांगितलं होतं, उत्तमसिंगला नाही.

"गाव बदललं, हे तुम्हाला माहीत नव्हतं?" साहेबांनी विचारलं.

"मले कोनी सांगतलं?" उत्तमसिंग म्हणाला.

"त्यायनं इचारलं काय?" उर्वशी फणकारली.

तेवढ्यात शीलाला देवीलालचा फोन. "म्याडम, मी एकलाच उभा आहो इथं. गाडीवर 'तपासणी केंद्र' वाचून लोकं बीपी तपासा म्हनून राह्यले!"

"वापस ये आधी!"

साहेबांनी शेरा लिहायला खिशातून पेन काढलं. जीप परत येताच शीला बाहेर धावली, बॉनेट उघडलं आणि बॅटरीची तार सैल केली.

"देवीलाल, दे आवाज!"

"पन म्याडम, बॅटरी तं नवीन..."

"अरे, बोंबल म्हणते ना!"

"धक्काऽ!"

सवयीनं सगळे बाहेर आले. उत्तमसिंगनं पेटी मागच्या सीटवर टाकली आणि खांदा लावला. साहेबांनीही बाह्या सरसावल्या.

"कोन्तं गाव हाय आज?" उत्तमसिंगनं धापा टाकत विचारलं.

"तांडा. तुमच्या सासरवाडीचाच!" उर्वशी म्हणाली.

"आधी सांगाचं ना बाई! जेवन तिकडंच, आताच फोन करतो."

टपरीपाशी जीप सुरू झाली. घामाघूम साहेब बाकावर टेकले. आयुष्यात प्रथमच कोणी त्यांना कामाला जुंपलं होतं आणि ते भलते खूश होते. त्यांनी शेरा लिहिला: "संघभावना उत्तम. केंद्र चालू ठेवावे." मग गुडघे चोळत त्यांनी खाली आणखी एक ओळ लिहिली: "नवीन बॅटरी तातडीने मंजूर."

देवीलाल शीलाच्या कानाशी लागला. "म्याडम, आता दुसरी बी बॅटरी येते. कसं करता?"

बाकावर उर्वशी आपल्या कपातला अर्धा चहा उत्तमसिंगच्या बशीत ओतत होती. शीलानं तिकडे पाहिलं.

"येऊ दे," ती म्हणाली. "आली का तिची बी तार ढिली करून ठेवजो."