आधी अंगावरचं

कमलाक्का माणसाच्या तोंडाकडे नंतर बघतात, आधी छातीकडे. आमच्या जे. पी. नगरच्या इमारतीत हळदीकुंकवाला आल्या की समोरच्या बाईच्या पदराकडे बोट दाखवून म्हणतात, "ही पिन एक्स-रेत बरगडीत रुतलेली दिसेल हं." माझ्या खिशातलं पेन तर त्या न विचारताच काढून माझ्या हातात देतात.

त्या एक्स-रे वाचणाऱ्या डॉक्टर. घराणं कैक पिढ्या इथलंच, त्यामुळे मराठीत कानडी मिसळतंच. "आधी अंगावरचं, मग अंगातलं, सरी?" हे त्यांचं पालुपद.

माझा टेम्पो त्यांनी सोसायटीच्या आवारातून बाहेर काढायला लावला. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका लेथवर मी कारखाना उभा केला. मला कोणी असं हलवत नाही. तो राग अजून आहे. तरी लिहितोय, ते आईमुळे.

आई न्यूमोनियानं त्यांच्याच इस्पितळात, आयसीयूत होती. यंत्र खाटेपाशी आणून छातीचा एक्स-रे काढला. तरुण डॉक्टर म्हणाला, उजवीकडे रेघ दिसतेय, फुप्फुसातून हवा सुटली असावी, छातीत नळी घालावी लागेल. मी भडकलो. जन्मभर घासाघीस केलेली, तीच सुरू केली. नळी बारीक घाला. उद्या घाला.

तेवढ्यात कमलाक्का धापा टाकत वर आल्या. फोटो त्यांनी खाली पडद्यावर पाहिला होता.

"ओरडू नका हो. श्वास त्यांना घ्यायचाय." मग डॉक्टरकडे वळून, "दोन्हीकडे ऐकलंस?"

"उजवीकडे कमी आहे, मॅडम. पण येतोय."

त्यांनी स्वतः स्टेथोस्कोप लावून ऐकलं, मग पांघरूण सारलं. ऑक्सिजनच्या मास्कची प्लास्टिकची पिशवी आईच्या छातीवर उजवीकडे कलंडली होती. तिच्या कडेवरून बोट फिरवत त्या म्हणाल्या, "तुझी रेघ ही असेल. स्वल्प थांब."

पिशवी, वायरी बाजूला धरून पुन्हा फोटो काढला. रेघ नव्हती. न्यूमोनिया होता तिथेच होता, पण नळी टळली.

डॉक्टर गेला. मी दाराशी होतो. अक्का एकेक वायर सरळ करत राहिल्या. आईनं डोळे किलकिले केले. "कोण गं?"

"मी खाली असते. फोटो बघते तुमचे."

"कधी आली नाहीस वर?"

"कुणी बोलवत नाही, आई. फोटोच येतात खाली."

आईनं त्यांचा हात धरला आणि तशीच झोपली. खुर्ची मागेच होती. पण बसायचं तर हात सोडवावा लागला असता. अक्का वाकून उभ्याच राहिल्या.