मंदाताईंचा उलटा हात

मंदाताई पेडणेकर भेटल्यावर आधी नमस्कार करतील, या भ्रमात राहू नका. त्या पहिल्यांदा उजव्या हाताची उलटी बाजू तुमच्या गालाला लावतात, "हं, तापलेलं नाही" म्हणतात आणि मग तुमचं नाव विचारतात. आमच्या पहिल्या भेटीत मी दचकून दोन पावलं मागे सरलो होतो. गालाकडे उलटा हात येताना दिसला की माझ्या शाळेत शिकलेल्या कुठल्याही माणसाचं शरीर आपोआप मागे जातं.

इथे आखातात, मंगफला, त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. मूळच्या वेंगुर्ल्याच्या, आणि इथल्या एका इस्पितळात वर्षानुवर्षं नर्स. त्यांच्या उलट्या हाताला काही वर्ज्य नाही. दुधाचं पातेलं, शेजाऱ्यांची बाळं, बेकरीतली खुबूस-रोटी, आमच्या फ्रीजची मागची बाजू. एकदा मी मंडळाच्या मीटिंगला दांडी मारून, "सकाळपासून घरीच पडून होतो" असं सांगितलं. त्या खाली गेल्या, माझ्या गाडीच्या बॉनेटला हात लावून आल्या आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "मेधा गो, तुझा नवरा पडून होता, पण गाडी आत्ताच कुठेतरी जाऊन आलीय."

पण हा नुसता चाळा नाही, हे मला उशिरा कळलं. त्यांच्या वॉर्डात ग्रेस नावाची केनियाची नर्स आहे. उंच, शांत आणि मुद्द्याची पक्की. रुग्णाच्या पाठीवर पडून पडून दाबाची जखम होतेय का हे बघताना सगळे 'लाल नाही' असं लिहून मोकळे होत. एकदा ग्रेसने आपला दंड पुढे केला आणि विचारलं, "माझ्या कातडीवर तुम्हाला लाल दिसणार कसं? आणि दिसलं नाही, म्हणजे झालंच नाही का?" मंदाताईंनी ते ऐकलं आणि घरी येऊन मेधाजवळ चक्क रडल्या. "इतकी वर्षं डोळ्यांनी बघत बसले गो. हात होता ना मला!"

तेव्हापासून दर शुक्रवारी ताईंच्या हॉलमध्ये ग्रेसचा वर्ग भरतो. घाना, युगांडा, केनिया इथल्या, घरकाम करणाऱ्या नाहीतर दुकानांत उभ्या राहणाऱ्या बायका येतात. दवाखान्यात दुखणं कसं सांगायचं, डॉक्टरनं उडवून लावलं तर परत काय विचारायचं, हे ग्रेस शिकवते. चहा, चिवडा आणि प्रात्यक्षिक ताईंकडे. काळ्या कातडीवर सूज आली तर रंगावर जाऊ नका, हात लावा. गरम आहे का, ताठ आहे का ते बघा. आणि दोन्ही बाजूंना लावा, कारण एका बाजूवरून काही कळत नाही. ताईंचं इंग्रजी दर तिसऱ्या वाक्याला दमतं, मग त्या मराठीचा आधार घेतात. त्यामुळे या सगळ्या बायका एक शब्द पक्का शिकल्या, तो म्हणजे 'तापलंय'. तो इंग्रजी वैद्यकीय शब्द आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

घोटाळा झाला तो इथे. अकोसुआ ही घानाची मुलगी अर्दियात एका घरी काम करते. तिची पोटरी दुखायला लागली. दवाखान्यात तिने डॉक्टरला ठणकावून सांगितलं, "डॉक्टर, माय लेग इज तापलंय!" डॉक्टर लखनौकडचा तरुण मुलगा. त्याला वाटलं, तिच्या भाषेतला शब्द असेल. त्याने पाय बघितला, लाली दिसली नाही, मलम देऊन घरी पाठवलं. दुसऱ्यांदाही तेच.

शुक्रवारी ती लंगडत वर्गाला आली. ताईंनी एका पोटरीला हात लावला, मग दुसरीला, आणि चिवड्याची बशी खाली ठेवली. ग्रेसने हात लावला आणि म्हणाली, "आत्ता निघायचं." इन्फेक्शन वर चढत चाललंय, हे तिच्या हाताला कळलं होतं. आणखी उशीर झाला असता तर पाय राहिला असता की नाही, कोण जाणे. गाडी अर्थात माझी.

तोच डॉक्टर ड्यूटीवर होता. "लाल तो कहीं है नहीं," तो म्हणाला.

मंदाताई वेंगुर्ल्याच्या हिंदीत कडाडल्या, "किसका लाल?"

उत्तरेकडच्या माणसाला 'लाल' म्हणजे आईचा लाडका लेक. तो गडबडून म्हणाला, "जी, मैं तो मिश्राजी का..."

मला हसू आवरेना, मी भिंतीकडे तोंड केलं. ग्रेस मात्र हसली नाही. तिने शांतपणे डॉक्टरचा हात धरला आणि आधी अकोसुआच्या बऱ्या पायावर, मग दुखऱ्या पायावर ठेवला. डॉक्टरने आपणहून दोन्ही पाय पुन्हा चाचपले. मग हळूच म्हणाला, "दिस इज... तापलंय." त्याच दिवशी तिला भरती केलं. अकोसुआची मालकीण, इथे तिला मामा म्हणतात, फळं घेऊन आली. पाय वाचला. पोरगा तसा वाईट नव्हता. आता तो कुठल्याही रंगाच्या रुग्णाला आधी हात लावतो आणि विद्यार्थ्यांना विचारतो, "तापलंय?"

त्यानंतरच्याच एका शुक्रवारी वर्ग भरला नाही. ताईंचा दरवाजा बंद होता. मेधाने आमच्याकडच्या जादा किल्लीने उघडलं तर बाई चादर ओढून पडलेल्या. "काही नाही गो, दमलेय." यजमान जाऊन बरीच वर्षं झालीत. मुलगा कॅनडात. रविवारी फोनवर त्या विचारतात, "तापलंय का रे?" तो म्हणतो, "आय अॅम गुड, आई." फोनवरून काही हात लावता येत नाही.

आम्ही पेज गरम करत होतो, तेवढ्यात ग्रेस आणि अकोसुआ आल्या. अकोसुआ सरळ पलंगावर बसली, आणि तिने आपला उलटा हात ताईंच्या गालाला लावला.

"ताई," ती म्हणाली, "तापलंय."

साऱ्या मंगफच्या गालांना हात लावणारी ही बाई. तिच्या गालाला कुणी हात लावून किती काळ लोटला असेल, हे माझ्या तोवर ध्यानातच आलं नव्हतं. फार वाईट वाटलं मला. ताईंनी डोळे मिटले होते. अकोसुआ थर्मामीटर शोधायला हात काढू लागली, तर त्यांनी तो धरून ठेवला.

तापाला काही दोन बाजू तपासाव्या लागत नाहीत. खोलीतल्या दोन्ही नर्सना ते चांगलं ठाऊक होतं.

"शिकवलंय ना गो तुला?" ताई पुटपुटल्या. "दुसरा गाल राहिला."