दोनशे शहाऐंशी जणांना एक अर्ज

"आठ दिवस! आठ दिवसांत नोकरी मिळवून दाखवते, आणि तीही या फोनवरून. कुणाच्या दारात उभी राहणार नाही!"

स्टोअरमावशींनी हे जाहीर केलं तेव्हा घरात ऐकणारी माणसं दोन होती. एक नवरा, जो शिलाईच्या मशीनवर पँटची उंची कमी करत होता आणि तोंडात टाचण्या असल्यामुळे फक्त "हं" म्हणू शकला. दुसऱ्या सासूबाई, ज्यांना ऐकूच आलं नाही.

मावशींना यंत्रांची भीती नव्हती. पंपांच्या कारखान्यात बावीस वर्षं त्यांनी स्टोअर सांभाळलं होतं. कुठल्या खणात कुठल्या मापाचा वॉशर आहे, हे त्या डोळे मिटून सांगत. चिठ्ठीशिवाय त्यांच्या खिडकीतून खिळासुद्धा बाहेर जात नसे. एकदा खुद्द साहेब बिनचिठ्ठीचे आले, तर त्यांनाही परत पाठवलं होतं. असा तो कारखाना महिन्यापूर्वी बंद पडला. मावशींनी किल्ल्यांचा जुडगा साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि घरी आल्या. नवऱ्याला सांगितलं, लेकीला सांगितलं. सासूबाईंना मात्र सांगितलं, "सुट्टीवर आहे." म्हातारीचं ब्लडप्रेशर आधीच पंपासारखं वर-खाली व्हायचं.

लेक नोकरीनिमित्त दुसऱ्या गावी राहायची. तिने फोनवरून धडा दिला.

"आई, नोकरीचं अ‍ॅप मी टाकून दिलंय. स्वतःबद्दल चार ओळी लिही. टाइप करायला जमत नसेल तर माईकचं चित्र दाब आणि बोल. तू बोलशील तसं ते लिहून घेईल."

"मी बोलेन तसं?"

"अगदी शब्दन् शब्द!"

लेकीने हे वाक्य जरा जास्तच खात्रीने म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी केस विंचरून फोनसमोर बसल्या, जसा काही तो त्यांचा फोटोच काढणार होता. माईक दाबला. आणि त्यांच्या लक्षात आलं, की स्वतःचं कौतुक स्वतःच्या तोंडाने करायची आपल्याला मुळीच सवय नाही. आवाज आपोआप खाली गेला. "प्रामाणिक आहे," हे त्या इतक्या हळू म्हणाल्या, जणू चोरीची कबुली देत होत्या.

तेवढ्यात आतून सासूबाईंनी हाक मारली. सासूबाईंशी हळू बोलून चालत नसे. त्यांच्याशी बोलताना मावशींचा आवाज थेट जिन्याखालपर्यंत जाई. मग पुन्हा फोनशी कुजबुज, पुन्हा सासूबाईंना आरोळी, मध्येच नवऱ्याला दटावणी. दहा मिनिटांनी मावशींनी घाम पुसला. चष्मा शोधायला वेळ नव्हता, सासूबाईंची गोळी राहिली होती. फोनने विचारलं, "तुमच्या ओळखीच्या सर्वांना कळवायचं का?" मावशींना वाटलं, काय सभ्य यंत्र आहे! त्यांनी "हो" दाबलं.

फोनमध्ये ओळखीची माणसं होती दोनशे शहाऐंशी.

पहिला फोन नणंदेचा आला. "वहिनी, कारखाना बंद पडला आणि मला असं कळतं? मी काय परकी आहे?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच! आणि वर लिहिलंय, आईंना सांगू नका! आत्ता फोन करून सांगितलं असतं आईला, पण तिला फोनवर काही ऐकू येत नाही म्हणून वाचलात!"

मावशींनी फोन ठेवला. चष्मा सापडला. त्यांनी वाचायला घेतलं.

"बावीस वर्षे स्टोअर सांभाळलं आई मी सुट्टीवर आहे सुट्टीवर नटण्याचा दांडगा अनुभव अहो कारखाना बंद पडलाय हे आईंना सांगू नका कानाचं मशीन लावा आधी लावलंय मग ऐकू का येत नाही त्या मशीनवाल्याने आपल्याला गंडवलंय नुसती शिट्टी वाजते आणि सेल दोन दिवसांत संपतात जबाबदारी घेण्यास तयार तुमची ती खडखड थांबवा जरा पांढरी नाही हो गुलाबी गोळी गुलाबी संपर्क करावा"

नटबोल्टचा दांडगा अनुभव! आणि यंत्राने बोल्ट गाळून नटणं तेवढं ठेवलं होतं. प्रामाणिकपणाचा तर पत्ताच नव्हता. जे हळू बोललं ते बहुतेक गायब, आणि जे ओरडून बोललं ते काना-मात्रेसकट हजर!

मग फोनने दम म्हणून घेतला नाही. प्लंबरने विचारलं, "मावशी, गळती नक्की कुठे आहे?" गॅसवाल्यांकडून आपोआप उत्तर आलं, "आपली तक्रार नोंदवली आहे." लेकीच्या शाळेतल्या जुन्या बाईंनी गुलाबी गोळीचं नाव विचारलं, त्यांनाही तोच त्रास होता. आणि कारखान्याच्या माजी साहेबांनी लिहिलं, "बावीस वर्षांत तुम्हाला निळ्या डगल्याशिवाय पाहिलं नाही. नटत कधी होतात?"

मावशींनी लेकीला फोन लावला. "हे काढून टाक! आत्ताच्या आत्ता!"

लेकीने वाचलं आणि ती हसत सुटली. इतकी हसली की तिला ठसका लागला. "अगं आई, काढलं तरी लोकांनी वाचलंय ना! त्यांच्या डोक्यातून कसं काढू?"

फोनमध्ये फक्त शिलाईच्या मशीनची खडखड ऐकू येत राहिली. लेकीचं हसू एकदम थांबलं.

"आई? रडतेस का?"

"नाही गं." मावशी खिडकीकडे बघत होत्या. "बावीस वर्षं माझ्या खिडकीपाशी लोक हात पुढे करून उभे राहायचे. कुणाला पाना हवा, कुणाला हातमोजे. मला वाटायचं, मागणं ही सगळ्यात सोपी गोष्ट आहे. चिठ्ठी दाखवायची आणि घ्यायचं. आज पहिल्यांदा मीच हात पुढे केला, तर बघ काय झालं."

लेक म्हणाली, "तू खिडकीतून कुणाला हसली होतीस का कधी?"

"छे! हसायला वेळ कुठे होता?"

"मग तेही हसणार नाहीत फार दिवस."

मावशींना हे पटलं नाही, पण बरं वाटलं.

दुपारी दारावरची बेल वाजली. दारात कानाच्या मशीनचा दुकानदार उभा होता. हातात बॅग, चेहरा लालबुंद.

"मावशी, गंडवलंय? मी? दोनशे-तीनशे लोकांना कळवलंत तुम्ही! सकाळपासून दोन गिऱ्हाइकं मला विचारून गेली, आमची पण शिट्टी वाजेल का म्हणून!"

खरं तर मावशी माफीच मागणार होत्या. वाक्य जुळवूनही ठेवलं होतं. पण मालाचा विषय निघाला आणि त्यांच्या अंगात पुन्हा तो निळा डगला संचारला.

"बसा," त्या म्हणाल्या. कपाटातून सेलची तीन रिकामी पाकिटं काढून त्यांनी टेबलावर ओळीने मांडली. "हे पहिलं, सहा महिन्यांपूर्वी घेतलेलं. याची मुदत वाचा."

"पुढच्या वर्षीची आहे. मग?"

"हे दुसरं. आणि हे तिसरं, गेल्या आठवड्यात घेतलेलं. याची वाचा."

दुकानदाराने पाकीट जवळ नेलं, मग लांब नेलं. "ही तर... उलटून गेलीय."

"म्हणजे नवा माल आला की तुम्ही तो पुढे लावता आणि जुना मागे ढकलता. पुढचा संपला की मागचा गिऱ्हाइकाच्या गळ्यात! जो आधी आला तो आधी बाहेर जायला हवा. दुकानात मांडणी कोण करतं?"

"मीच," दुकानदार पुटपुटला. त्याचा राग कधी उतरला, हे त्याचं त्यालाही कळलं नाही. "माल मी लावतो, कानही मीच तपासतो, बिलंही मीच करतो. परवा एक अख्खा खोका हरवला दुकानातल्या दुकानात!"

"खणांना नंबर आहेत?"

"नाहीत."

"मग हरवणारच!"

शिलाईच्या मशीनची खडखड केव्हाची थांबली होती. टेलरमास्तर तोंडातल्या टाचण्या काढून ऐकत बसले होते.

दुकानदार मुकाट्याने आत गेला. त्याने सासूबाईंचं मशीन काढून नळी साफ केली, कानातला साचा बदलला, ताजा सेल घातला. शिट्टी थांबली.

"आई, ऐकू येतंय का?" मावशी नेहमीच्या पट्टीत ओरडल्या.

सासूबाई दचकून भिंतीला टेकल्या. "अगं बाई! ओरडतेस कशाला?"

मावशी पलंगाच्या कडेवर बसल्या. किती वर्षांनी त्या सासूबाईंशी हळू आवाजात बोलणार होत्या, आणि सांगायचं होतं ते नेमकं हे. नणंदेच्या तोंडून कळण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं.

"आई, मी सुट्टीवर नाही. कारखाना बंद पडला. तुम्हाला त्रास होईल म्हणून बोलले नाही."

सासूबाईंनी सुनेकडे बराच वेळ पाहिलं. "मला वाटलं, माझ्यासाठी घरी राहिलीस," त्या म्हणाल्या. "रोज मनात म्हणायचे, एवढी कशी गं माया आली हिला!"

मावशींना हसावं की रडावं कळेना. सासूबाईंनीच त्यांच्या हातावर हात ठेवला. "असू दे. महिनाभर छान वाटलं मला. आता पुढे काय?"

यावर दाराशी उभा असलेला दुकानदार खाकरला. "दुकानाचं स्टोअर सांभाळणारं कुणी मिळत नाही मला. म्हणजे... तुमची हरकत नसेल तर. सोमवारपासून या."

"चिठ्ठीशिवाय माल देणार नाही," मावशी म्हणाल्या. "तुम्हालासुद्धा."

"द्या किंवा नका देऊ, पण माल सापडू दे तरी!"

सोमवारी मावशी दुकानात गेल्या. हरवलेला खोका त्यांना वीस मिनिटांत सापडला. दुकानदार त्यावरच बसून बिलं करत होता. मग त्याने त्यांच्यासमोर एक छापील अर्ज ठेवला. "मशीन बनवणाऱ्या कंपनीचा आहे. नव्या माणसाने भरून द्यावा लागतो."

मावशींनी या वेळी आधी चष्मा लावला आणि पेनाने, एकेक अक्षर बघून अर्ज भरला. शेवटच्या रकान्यात विचारलं होतं, "या जागेची माहिती आपणास कशी मिळाली?"

त्यांनी बराच विचार केला. खोटं लिहिणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, "भांडणातून."

दुकानदाराने अर्ज वाचला. एकदा मावशींकडे पाहिलं, मग इकडेतिकडे पाहिलं, हळूच तो शब्द खोडला आणि वर लिहिलं, "सोशल मीडियावरून."